पावरीची किंमत कोण ठरवतो?

दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. घर त्याचे सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर, कोकणा समाजातले. नोकरी नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत. बोलता बोलता त्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतील एक कारागीर आपल्या लहानशा कर्मशाळेत, एका ग्राहकाच्या मागणीवरून, एकट्याने गिटार घडवीत होता. लाकडाची जाड फळी तो पटाशीने व छोट्या रंध्याने कोरत होता, मधूनच बोटाने टकटक करून आवाज ऐकत होता आणि पुन्हा कोरत होता. चित्रफीत संपल्यावर विद्यार्थी म्हणाला, ''सर, या माणसाने एका गिटारीला काही महिने लावले आणि हजारो डॉलर घेतले. माझा आजा पावरी करतो, ती नाशिकच्या एका प्रदर्शनात पाचशेला मागितली. हातानेच केलेलं काम दोन्हीकडे. मग असं का?''

मी तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. मागणी, पुरवठा, मध्यस्थ, बाजारपेठेचा अभाव ही उत्तरे माझ्या जिभेवर तयार होती. ती मी दिलीही. त्याने ती आदराने ऐकून घेतली. परंतु त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. तो गेल्यावर मी या प्रश्नाचा पुन्हा विचार केला. त्यातून जे हाती लागले ते कार्यकर्त्यांपुढे मांडावे, कारण हा प्रश्न एका वाद्यापुरता नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रथम त्या गिटारीविषयी. तिला आर्चटॉप गिटार म्हणतात. साध्या गिटारीची छाती सपाट फळीची असते. हिची छाती व पाठ व्हायोलिनसारखी घुमटाकार असते. ही घुमटी फळी वाकवून केलेली नसून जाड लाकडातून कोरून काढलेली असते. छातीला स्प्रूसचे लाकूड, पाठीला व कडांना मेपलचे. फळी मध्यभागी किती जाड ठेवायची आणि कडेकडे किती पातळ करीत न्यायची यावर सारा नाद अवलंबून असतो. दोन झाडांचे लाकूड कधी सारखे नसते. म्हणून मोजपट्टी काही अंतरापर्यंतच साथ देते, पुढचा निर्णय कानाचा आणि अंगठ्याचा. हे तंत्र अमेरिकेतील कलामाझू या गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ केले आणि १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. १९०२ साली काही भांडवलदारांनी त्याच्या नावाने कंपनी काढली. ऑर्व्हिलचा तिच्या कारभाराशी असलेला संबंध लवकरच सुटला आणि १९१८ साली तो वारला. कंपनी मात्र त्याच्या नावावर वाढली. २०१८ साली दिवाळखोरीच्या न्यायालयात जाऊनही ती पुन्हा उभी राहिली. कारागिराचे नाव भांडवलाच्या मालकीचे कसे होते, याचे याहून सरळ उदाहरण क्वचितच मिळेल. आपल्याकडे विश्वमोहन भट्ट यांनी याच जातीच्या गिटारीला जादा तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ साली तिने ग्रॅमी पारितोषिक मिळवले. तेव्हा हे वाद्य आपल्याला अगदीच परके आहे असेही नाही.

आता पावरी. सुरगाणा, कळवण, बागलाण आणि शेजारचा डांग या पट्ट्यातील कोकणा व इतर आदिवासींचे हे फुंकवाद्य. जव्हार-डहाणूकडचा वारल्यांचा तारपा तिच्याच कुळातला. वाळलेल्या कडू भोपळ्याची पोकळी हा तिचा हवेचा भाता. त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या हे तिचे स्वर. नळीच्या तोंडाशी बांबूची बारीक चिरलेली जीभ, जिच्या थरथरण्यातून आवाज निघतो. आणि हे सारे सांधणारे मधमाश्यांचे मेण. वाजवणारा नाकाने श्वास घेत गालातील हवा फुंकीत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्रभर फेर धरला जातो तो या अखंड सुरावर.

विद्यार्थ्याच्या आजोबांना मी एकदा माझ्या विषयाला साजेसा प्रश्न विचारला होता : ''बाबा, एक पावरी करायला किती दिवस लागतात?'' ते हसले. भोपळ्याचा वेल पावसाळ्यात कुडावर चढतो, फळ वेलावरच पिकू द्यावे लागते, मग ते महिनोन्‌महिने वाळते. बांबू काळोख्या पंधरवड्यात तोडायचा, नाही तर त्याला कीड लागते, असा त्यांचा अनुभव. तो सावलीत वाळवायचा. मेण मिळेल तेव्हा साठवायचे. प्रत्यक्ष जोडणी दोन-तीन दिवसांची. परंतु जीभ तासणे हे खरे काम. केसाएवढा पापुद्रा जास्त निघाला की ती निकामी, कमी निघाला की मुकी. तासायचे, तोंडात धरून फुंकायचे, ऐकायचे, पुन्हा तासायचे. ''दिवस कसे मोजायचे, गुरुजी?'' त्यांनी मलाच विचारले.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की अमेरिकेतील तो कारागीर फळीवर बोट आपटून जे ऐकत होता, तेच हे आजोबा ओठांत जीभ धरून ऐकतात. कच्चा माल वेगळा, हत्यारे वेगळी. कसबाचा प्रकार एकच. दोघांचीही वस्तू साच्यातून निघत नाही, दोघेही एका ठरावीक माणसासाठी ती घडवतात. तेव्हा 'एकाचे काम कुशल म्हणून महाग, दुसऱ्याचे अकुशल म्हणून स्वस्त' हे स्पष्टीकरण पहिल्याच पायरीवर बाद होते. सरकारी दफ्तरांत मात्र आजोबांची नोंद आजही 'अकुशल मजूर' अशीच होऊ शकते, कारण द्राक्षाच्या बागेत किंवा रस्त्याच्या कामावर त्यांचे कसब विचारणारे कोणी नसते.

मग फरक कोठे आहे? माझे उत्तर असे : वाद्याची किंमत ही ते वाजवणाऱ्याच्या मजुरीची सावली असते. वाजवणाऱ्याला व ऐकणाऱ्याला काय मिळते, यावर घडवणाऱ्याला काय मिळणार हे ठरते. हे विधान जरा तपासून पाहू.

आर्चटॉप गिटारीचा सर्वांत नावाजलेला कारागीर जॉन डी'अँजेलिको हा न्यूयॉर्कमधील इटालियन स्थलांतरितांच्या वस्तीतला. लहानपणी नात्यातल्या वडीलधाऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकला, १९३२ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले आणि १९६४ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच काम केले. एक-दोन मदतनिसांसह त्याने आयुष्यभरात सुमारे अकराशे ते बाराशे गिटारी घडवल्या, म्हणजे महिन्याला सरासरी तीन. १९३२ हे वर्ष महामंदीचे होते हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. तरीही त्याचे दुकान चालले, ते कोणाच्या बळावर? त्या शहरातील नृत्यगृहांत, नभोवाणी केंद्रांत, ध्वनिमुद्रण शाळांत पगार घेऊन वाजवणाऱ्या वादकांच्या बळावर. आणि त्या वादकांना पगार मिळत होता तो मालकांच्या रसिकतेमुळे नव्हे; त्यांची कामगार संघटना बलवान होती म्हणून. तबकड्या वाजू लागल्या आणि वादकांचे काम जाऊ लागले, तेव्हा १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांनी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. ऐन महायुद्धात, देशद्रोहाचे आरोप सोसून, तो त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ चालवला. नोव्हेंबर १९४४ मध्ये शेवटच्या बड्या कंपन्याही नमल्या आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे काही वाटा वादकांच्या निधीत जमा करण्याचे त्यांनी मान्य केले. गिटारीच्या कारागिरांवर लिहिताना या संपाचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. मला वाटते, कारागिराची कहाणी त्याशिवाय अपुरी आहे.

आपल्या मिरजेचा इतिहास हेच सांगतो. सतार व तंबोरा घडवणारी तेथील घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. इंग्रजी अंमल स्थिर झाला, शस्त्रांची गरज ओसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. मिरज संस्थान व आसपासच्या दरबारांतील गवई, पुढे संगीत नाटक मंडळ्या, नंतर आकाशवाणी व संगीत विद्यालये असे वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचे उत्पन्नाचे आधार एकामागून एक उभे राहिले. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचे वास्तव्य मिरजेत होते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातील शेतकरी तंबोऱ्यासाठी मोठे भोपळे पिकवू लागला, तोही या साखळीच्या शेवटच्या टोकाला. १९८०च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि साथीला बसणाऱ्या माणसाची गरज कमी झाली, तेव्हा त्याचा धक्का मिरजेच्या कारागिराला बसणे अपरिहार्य होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. मानांकनाने नावाची नक्कल रोखता येते. त्याने कारागिराची मजुरी ठरत नाही, आणि त्याच्या मुलाने बापाच्या शेजारी पटाशी घेऊन बसावे असे उत्पन्नही आपोआप निर्माण होत नाही.

आता हीच कसोटी सुरगाण्याला लावा. पावरी वाजवणारा हा वादक म्हणून जगत नाही. तो नागली-वरईचा शेतकरी आहे आणि वर्षाचे काही महिने मजूर. ऐकणारे व नाचणारेही तसेच. गावात पावरी विकत घेण्याची रीत फारशी नव्हतीच. घडवणाऱ्याला धान्य, कोंबडी, कामाला काम अशी परतफेड होई. ज्या समाजाच्या सर्व माणसांची कमाई हातातोंडाशी गाठ घालण्यातच संपते, त्याचे वाद्य 'महाग' असेल कसे? प्रदर्शनातल्या ग्राहकाने पाचशे रुपये सांगितले तेव्हा त्याने पावरीचे मोल केले नाही. सुरगाण्याच्या माणसाचा दिवस किती रुपयांना मिळतो हे त्याला ठाऊक होते, आणि त्या दराने त्याने हिशेब केला.

दुसरा फरक कच्च्या मालाचा. गिटारवाला आपले लाकूड पैसे देऊन घेतो. ते कोणाच्या जंगलातून आले याचा त्रास त्याला सहसा होत नाही. क्वचित होतो. मघाशी सांगितलेल्या गिब्सन कंपनीवर २००९ व २०११ साली अमेरिकी सरकारने छापे घातले. प्रश्न मादागास्करच्या आबनुसाचा आणि पुढे भारतातून गेलेल्या शिसव व आबनुसाचा होता. मोठा राजकीय गदारोळ झाला, वकिलांच्या फौजा उभ्या राहिल्या आणि २०१२ साली तीन लाख डॉलर दंडावर तडजोड झाली. आमच्या देशातील शिसवीचे तुकडे परदेशी गिटारीच्या पट्टीवर चढतात तेव्हा त्यावर आंतरराष्ट्रीय करार होतात. २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या जातींच्या व्यापारावर निर्बंध आले, वाद्यनिर्मात्यांनी तक्रार केली आणि २०१९ साली तयार वाद्यांना सूटही मिळाली. वाद्य महत्त्वाचे आहे, त्याला कायद्यात जागा हवी, हे जगाने मान्य केले ते असे.

सुरगाण्याच्या आजोबांना पावरीसाठी हवा असतो एक बांबू. शास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाड ठरवले. वनेतर जमिनीवरील बांबू या व्याख्येतून वगळायला २०१७ साल उजाडावे लागले, म्हणजे नव्वद वर्षे. या नव्वद वर्षांत ज्या माणसाने आपल्या देवापुढे वाजवायच्या वाद्यासाठी बांबू तोडला, तो कायद्याच्या भाषेत गुन्हेगार होता. कोणत्याही परिषदेत त्याच्या वतीने सूट मागायला कोणी गेले नाही.

कायदा बदलला तो लढ्यांमुळे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामस्थांचा मालकी हक्क मान्य केला. त्या कायद्यातील गौण वनोपजाची व्याख्या कार्यकर्त्यांनी पुन्हा एकदा वाचावी. तीत बांबू आहे, मध आहे आणि मेणही आहे. पावरीला जंगलातून जे लागते ते जवळजवळ सारे त्या एका वाक्यात आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने हा हक्क कागदावरून जमिनीवर आणला. २७ एप्रिल २०११ रोजी तेथील ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले आणि परवाना देणारा अधिकारी ग्रामसभा झाली. सुरगाण्यातही कायदा तोच आहे, पाचवी अनुसूची तीच आहे, १९९६ चा पेसा तोच आहे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालत गेलेल्या हजारो आदिवासींत सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. त्यांची मुख्य मागणी वनजमिनीची होती, आणि ती तशीच असायला हवी होती. परंतु वैयक्तिक दाव्याच्या सात-बाराबरोबर सामूहिक वनहक्काचा प्रश्नही तेवढ्याच जोराने चालवला पाहिजे. जमिनीच्या तुकड्यावर नागली पिकते. बांबू व मेण सामूहिक जंगलात मिळते.

तिसरा फरक वेळेचा. भोपळा वाळतो, बांबू तोडायची वेळ येते, रात्री थंड होऊन हात कामाला बसतात, तो हंगाम दिवाळीनंतरचा. नेमक्या याच वेळी सुरगाण्याची माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. हाताला गावात काम नसते. ज्या हातांनी जीभ तासायची ते हात द्राक्षाचे घड विरळ करण्यात गुंततात. आणि ज्याने शेजारी बसून ते पाहायचे तो नातू सातपूरच्या कारखान्यात असतो. हस्तकला 'मरते' असे आपण म्हणतो तेव्हा ती वार्धक्याने मरते असा भास होतो. खरे पाहता तिचा हंगाम तिच्याकडून काढून घेतलेला असतो.

आता आपल्या मित्रांचे आक्षेप. पहिला आक्षेप : ज्या तालुक्यात धो-धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात बायांना हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो, तेथे पावरीची चर्चा ही चैन नव्हे काय? मी उलट विचारतो, वरील तीन कारणांत पावरीचे असे स्वतंत्र कारण कोणते आहे? मजुरीचा दर, जंगलावरचा हक्क, गावात हंगामी काम : या आपल्याच जुन्या मागण्या आहेत. पावरी आपल्याला नवी मागणी देत नाही. त्या मागण्या अपुऱ्या राहिल्यास माणूस नेमके काय गमावतो, ते ती ऐकवते.

दुसरा आक्षेप : पावरी देवाशी जोडलेली आहे, डोंगऱ्या देव, अंगात येणे, भगताई यांपासून ती वेगळी कशी काढणार? हा आक्षेप मी स्वतः अनेक वर्षे घेतला आहे, म्हणून त्याच्याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे. आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी आदिवासी पाड्यांवर जाऊन अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे दिली. भगताकडे न जाता दवाखान्यात जा, हे सांगणे बरोबरच होते आणि आजही आहे. परंतु त्या भरात आम्ही रात्रीच्या फेराकडे, त्या सुराकडे, एका वर्तुळात पाय टाकणाऱ्या स्त्री-पुरुषांकडे पाठ फिरवली. मग मेळाव्याच्या दिवशी मात्र स्वागताला पावरी-पथक हवे असे आम्हीच सांगू लागलो. पाहुणे आले की वाजवा, भाषणे सुरू झाली की बाजूला बसा. वादकाला मानधन दिल्याचे मला स्मरत नाही. पुढाऱ्याच्या गाडीच्या डिझेलचा हिशेब सभेत मांडला जाई. पावरीवाल्याच्या बुडालेल्या मजुरीचा कधीच नाही. प्रदर्शनात पाचशे रुपये सांगणाऱ्या ग्राहकाला नावे ठेवण्यापूर्वी आपण हा हिशेब पुरा केला पाहिजे.

तिसरा आक्षेप तरुणांचा आहे आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. लग्नात त्यांना डीजे हवा असतो. त्यांनी आजोबांचे वाद्य जतन करीत पाड्यावरच बसावे, असे आपण सांगू लागलो तर तो अन्याय होईल. माणसांचे संग्रहालय करण्याचा हक्क कोणालाही नाही. माझ्या विद्यार्थ्याने कारखान्यात नोकरी धरली हे मी चांगलेच मानतो. पण त्याने ती चित्रफीत मला दाखवली, याचाही अर्थ लावला पाहिजे. आजोबांचे काम हलके आहे म्हणून तो गावातून गेला नव्हता. ते काम किती भारी आहे हे त्याला परक्या माणसाच्या हातांकडे पाहून उमगले, आणि मग त्याला राग आला. त्या रागाला वाट देणे हे आपले काम आहे.

म्हणून काही ठोस गोष्टी सुचवतो.

पहिली : ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत किंवा ज्यांचे दावे प्रलंबित आहेत, तेथील व्यवस्थापन आराखड्यात बांबू, मध व मेण यांचा उल्लेख वाद्यनिर्मितीच्या गरजेसह करून घ्यावा. एका गावाला वर्षाकाठी वाद्यांसाठी लागणारा बांबू मूठभर असतो. प्रश्न मात्रेचा नसून अधिकाराचा आहे. मूठभर बांबूसाठी ज्याला परवानगी मागावी लागते तो मालक नसतो.

दुसरी : दिवाळीनंतरच्या महिन्यांत गावातच काम. रोजगार हमीचा विचार महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने देशाला दिला आणि २००५ साली संसदेने तो देशभर नेला. कायद्यांची नावे बदलोत वा कलमे बदलोत, कामाची मागणी नेमकी स्थलांतराच्या तोंडावर लेखी नोंदवणे हे कार्यकर्त्याचे काम बदलत नाही.

तिसरी : आश्रमशाळा. आदिवासी मुलांसाठी चालणाऱ्या या शाळांत पावरी वा तारपा वाजवणारा व घडवणारा माणूस शिक्षक म्हणून यावा, आणि त्याला तासिकेप्रमाणे मानधन मिळावे. शाळेसाठी वाद्ये घ्यायची ती कमीत कमी दराच्या निविदेने घेऊ नयेत. निविदेने बाके घेता येतात. कानाने घडवलेली वस्तू घेता येत नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे राज्यसंस्थेने या कलेची थोरवी तत्त्वतः मान्य केली आहे. जी विद्या दिल्लीत गौरवास पात्र ठरते, ती आश्रमशाळेत वेतनास अपात्र का, असा साधा सवाल आपण करू शकतो.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरची. यापुढे आपल्या कोणत्याही मेळाव्यात पावरीवाला आला, तर त्याची बुडालेली मजुरी व मानधन खर्चाच्या पहिल्या ओळीत मांडावे. रक्कम लहान असेल. परंतु वाजवणाऱ्याच्या मजुरीवर घडवणाऱ्याची किंमत ठरते हे जर खरे असेल, तर ती वाढवायला आपण आपल्यापासून सुरुवात केली पाहिजे.

या चारही गोष्टी झाल्या म्हणून सुरगाण्याची पावरी न्यूयॉर्कच्या गिटारीच्या किमतीला विकली जाईल असे नाही, आणि तशी अपेक्षाही मी करीत नाही. आजोबांना ती विकायची आहे की नाही, हे ठरवण्याची मोकळीक त्यांना असावी एवढेच माझे म्हणणे आहे. आज पाचशेला 'नाही' म्हणायलाही घरात महिन्याचे धान्य असावे लागते. प्रदर्शनात त्या दिवशी त्यांनी पावरी दिली नाही, परत आणली. विद्यार्थ्याने हे मला अगदी शेवटी, उंबऱ्यावर चपला घालताना सांगितले. त्या नकारासाठी त्यांना त्या महिन्यात द्राक्षबागेवर काही दिवस जास्त जावे लागले.

येत्या २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरतील. सुरगाणा तालुक्यातील आपल्या साथींनी वनहक्काचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आहे की नाही हे आधीच पाहून घ्यावे आणि त्याखाली बांबू व मेण हे दोन शब्द लिहून घ्यावेत. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला दिवाळीत देता आले नव्हते. ते देण्याची सुरुवात त्या दोन शब्दांपासून करता येईल.